नावे पाठ होती, तरी सह्या झाल्या: जाहिरातीच्या युक्त्या शिकवण्याचे एक प्रकरण

सोमवारच्या चाचणीत वर्ग चांगलाच उतरला. दहा जाहिराती दिल्या होत्या आणि प्रत्येकीखाली एकच प्रश्न होता: इथे मन वळवण्याची कोणती युक्ती वापरली आहे? नववीची ३६ मुले. भीती दाखवणे, गर्दीचा दाखला, नामवंताची साक्ष, टंचाई, गोड पण पोकळ शब्द, असे चार आठवडे शिकवलेले सगळे उत्तरपत्रिकांत नीट उतरले होते. गुरुवारी त्याच वर्गाच्या सूचनाफलकावर मी एक कागद लावला. शनिवार सकाळपर्यंत त्याच मुलांपैकी २३ जणांनी त्याखाली आपली नावे लिहिली होती.

कागदावर मोठ्या अक्षरांत ‘स्मरणशक्ती कार्यशाळा’ असे होते. बाजूला पांढऱ्या कोटातल्या, चष्मा लावलेल्या माणसाचे चित्र. ‘तज्ज्ञांनी मान्य केलेली पद्धत. स्मरणशक्ती ४० टक्क्यांपर्यंत वाढण्यास मदत. इतर वर्गांतले मित्र पुढे गेले, तुम्ही? शेवटच्या काही जागा शिल्लक.’ खाली नावांसाठी रेघा आखल्या होत्या आणि त्यांतली पहिली सहा नावे मीच, वेगवेगळ्या पेनांनी, अक्षर बदलून लिहून ठेवली होती. कार्यशाळा कोण घेणार, कुठे, कधी, तिच्यात काय शिकवणार, यातले एक अक्षरही कागदावर नव्हते. अशी कार्यशाळाच नव्हती. मुख्याध्यापकांना आधी सांगून त्यांची परवानगी घेतली होती.

त्याआधीचे चार आठवडे

मी जे शिकवले ते बहुतेक ठिकाणी असेच शिकवले जाते. सुरुवात ॲरिस्टॉटलच्या तीन खांबांपासून: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. मग युक्त्यांची यादी. ही यादीची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत १९३७ मध्ये प्रचाराचे विश्लेषण करण्यासाठी एक संस्था निघाली. तिने प्रचाराच्या सात युक्त्या नावे देऊन मांडल्या आणि त्या शाळांपर्यंत पोचवल्या. ‘सगळे करतात, तुम्हीही करा’, ‘मी तुमच्यासारखाच साधा माणूस’, सोयीचे तेवढेच पुढे करणे, हे प्रकार नावानिशी वर्गात शिकवायची रीत तेव्हा रुळली. अशा यादीने मुले विचार करण्याऐवजी नुसती शंकेखोर होतात, ही टीकाही त्याच काळात झाली होती.

माझ्या वर्गात नेमके तेच घडत होते आणि चाचणीचे गुण पाहून मला ते दिसले नाही. तिसऱ्या आठवड्यापासून कुठलीही जाहिरात दाखवली की मागच्या बाकांवरून ठरलेले उत्तर यायचे, “बाई, सगळ्या जाहिराती खोट्याच असतात.” ऐकायला हे हुशारीचे वाटते. पण सगळ्याच खोट्या असे एकदा म्हटले, की समोरची ही एक जाहिरात खरी की खोटी, खोटी असेल तर किती आणि नेमकी कुठल्या शब्दात, हे बघायचे कामच संपते. नावे पाठ झाल्यामुळे मुलांचे बघणे कमी झाले होते.

चौथ्या आठवड्यात मी विचारले होते, जाहिरातींचा परिणाम जास्त कोणावर होतो? लहान मुलांवर, म्हाताऱ्या माणसांवर, फार न शिकलेल्यांवर, अशी उत्तरे आली. ‘माझ्यावर’ असे एकाही वहीत नव्हते. संज्ञापनशास्त्रात, म्हणजे संदेश माणसांपर्यंत कसे पोचतात याच्या अभ्यासात, या समजुतीला ‘तिसऱ्या माणसावरचा परिणाम’ म्हणतात. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ मध्ये ती मांडली: प्रचाराचा परिणाम माझ्यावर किंवा तुझ्यावर नाही, त्या तिसऱ्यावर होतो, असे प्रत्येकाला वाटते. ब्रॅड सॅगरिन, रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना जाहिरातीतला खरा जाणकार आणि नुसता जाणकाराचा वेश यांतला फरक शिकवला होता. पण ‘आत्ताच्या जाहिरातीने तुम्ही स्वतः भुललात’ हे ज्यांना त्यांच्याच उत्तरांवरून दाखवून दिले, त्यांच्यात नकली अधिकाराला नकार देण्याची ताकद ठळकपणे वाढली. तो कागद फलकावर लावण्यामागे हेच होते.

शनिवार

फलकावरचा कागद काढून मी फळ्याला लावला. “ही कार्यशाळा घेणार कोण?” कोणी बोलले नाही. “कुठे आहे?” पुन्हा शांतता. “कोणत्या दिवशी?” तेव्हा पहिल्या बाकावरचा एक मुलगा उठून कागदाजवळ गेला, खालपासून वरपर्यंत बोट फिरवत सगळा वाचला आणि वळून म्हणाला, “बाई, लिहिलेलंच नाहीये.” त्याचे स्वतःचे नाव त्या यादीत नववे होते.

मग मी सगळे सांगितले. काही मुले हसली. “मला माहीतच होतं” असे म्हणणारे चारपाच निघाले, त्यांतल्या दोघांची नावे यादीत होती. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही. मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. “बाई, मी घरी सांगितलं होतं. मला खरंच लक्षात राहत नाही.”

या प्रकरणातली माझी चूक इथे आहे आणि ती लहान नाही. भूल दाखवायला मी जे आमिष निवडले ते परीक्षेच्या वर्षांत मुलांच्या सर्वांत दुखऱ्या जागेवरचे होते. वर यादी उघडी होती, त्यामुळे कोण भुलले हे सगळ्यांना दिसले. प्रयोगाचा उपयोग स्वतःला स्वतःची भूल दिसण्यात होता, ती चारचौघांत दिसण्याची काही गरज नव्हती. त्या मुलीला मी पुढचे काही दिवस मधल्या सुट्टीत बसवले. वाचलेले झाकून आठवून लिहायचे आणि मध्ये दोनतीन दिवस जाऊ देऊन पुन्हा तसेच करायचे, ही पाठांतरापेक्षा कितीतरी भरवशाची रीत तिला दाखवली. सोमवारी वर्गाची माफीही मागितली. आता मी हा प्रयोग करते तेव्हा आमिष बिनमहत्त्वाचे असते: दोन पेन, त्यांची दोन वेगवेगळी वर्णने, निवड घडी घातलेल्या चिठ्ठीवर आणि उलगडा त्याच तासाला. चिठ्ठी ज्याची त्याच्याच हातात राहते.

तरीही त्या मुलीच्या वाक्याने पुढचे शिकवणे बदलले. तोवर वर्गात ‘भुलतो तो बावळट’ असा सूर होता. तिने सही केली ती बेसावध होती म्हणून नव्हे. तिला ती गोष्ट खरोखर हवी होती. जाहिरात लिहिणारा आधी माणसाची गरज शोधतो, शब्द नंतर, हे मी चार आठवडे बोलत होते. वर्गाला ते त्या दिवशी समजले.

हात कोणत्या शब्दाने उचलला

सोमवारी प्रत्येकाला कोरी चिठ्ठी दिली, नाव लिहायचे नाही. सही केली असेल तर कोणत्या शब्दाने किंवा कशाने केली, आणि नसेल केली तर का, एवढेच लिहायचे. सर्वांत जास्त चिठ्ठ्यांवर मी लिहिलेली ती सहा खोटी नावे निघाली. एकाने लिहिले होते, ‘एक अक्षर ओळखीचं वाटलं.’ त्यानंतर ‘शेवटच्या काही जागा’. पांढरा कोट फक्त तिघांनी लिहिला, पण ‘तज्ज्ञ’ हा शब्द बऱ्याच जणांनी. सही न करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी युक्ती ओळखली म्हणून नव्हे, तर वेळ नव्हता म्हणून केली नव्हती. एक चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे: ‘मला युक्ती कळली होती. पण वाटलं, युक्ती असली तरी जागा खरंच संपल्या तर?’

टंचाई कशी काम करते ते याहून नेमके मला सांगता आले नसते. ती काही पटवून देत नाही, थांबण्याची किंमत तेवढी वाढवते. युक्ती ओळखणाऱ्यालाही ती किंमत लागूच असते.

मग आम्ही ‘४० टक्क्यांपर्यंत वाढण्यास मदत’ हे चार शब्द फळ्यावर घेतले. पूर्ण तास त्यावर गेला आणि मला विचाराल तर महिन्यातला तोच सर्वांत चांगला तास होता. ‘पर्यंत’ला आधी हात घातला. तीसही चाळीसपर्यंतच असतो, पाचही. कोणीतरी म्हणाले, “शून्यसुद्धा.” म्हणजे ज्याची स्मरणशक्ती तसूभरही वाढली नाही त्याच्या बाबतीतही हे वाक्य खोटे ठरत नाही. मग ‘मदत’. कोणाला मदत, कितीशी, बाकीचे काम कोण करते? मग ‘वाढण्यास’. कशापेक्षा वाढ, कोणी मोजली, कधी? चारही शब्द एकेक करून उलटेपालटे केल्यावर फळ्यावर फक्त ४० हा आकडा उरला आणि तो मी रात्री बसून मनाने लिहिला होता. मुलांच्या वह्यांत त्या दिवशी युक्तीचे नाव कुठेच नव्हते, फक्त प्रश्न होते.

इतिहासातली दोन उदाहरणे त्यानंतर दिली, तेव्हा ती वर्गात वेगळ्याच वजनाने पोचली. पहिले १९४६ मधले: अमेरिकेत कॅमल सिगारेटची मोहीम निघाली, इतर कुठल्याही सिगारेटपेक्षा जास्त डॉक्टर कॅमल ओढतात, असे सांगणारी. यात सिगारेट आरोग्याला चांगली आहे असे एकही वाक्य नाही. ते वाक्य वाचणारा मनातल्या मनात स्वतःच पूर्ण करतो. दुसरे लिस्टरिनचे. या चुळा भरण्याच्या द्रवाने सर्दी आणि घसादुखी टळते असा दावा अनेक दशके चालला होता. १९७५ मध्ये व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला आदेश दिला, की आता जाहिरातींतूनच सांगा, लिस्टरिनने सर्दी किंवा घसादुखी टळत नाही आणि तिची तीव्रताही कमी होत नाही, आणि साधारण एक कोटी डॉलरचा जाहिरातखर्च होईपर्यंत सांगत राहा. १९७७ मध्ये न्यायालयाने हा आदेश उचलून धरला, फक्त ‘आधीच्या जाहिरातींत सांगितले होते त्याच्या उलट’ अशा अर्थाचे शब्द त्यातून काढायला लावले. तेवढे शब्द काढल्याने काय फरक पडतो, यावर वर्गात दोन तट पडले. मी मध्ये पडले नाही. नुसता मजकूर दुरुस्त होतो आणि आपण आधी चुकीचे ऐकले होते हे ऐकणाऱ्याच्या लक्षातच येत नाही, असे एका बाजूचे म्हणणे होते आणि मला ते पटते.

आकड्यांच्या मांडणीसाठी १९८८ चा लेव्हिन आणि गेथ यांचा प्रयोग सांगितला. एकच खिमा, एका गटाला ‘७५ टक्के चरबीविरहित’ म्हणून दिला, दुसऱ्याला ‘२५ टक्के चरबी’ म्हणून. पहिल्या गटाने तो सरस ठरवला. प्रत्यक्ष चाखल्यावर दोन्ही गटांच्या मतांतले अंतर कमी झाले. अनुभव शब्दाला मागे सारतो, पण त्यासाठी अनुभव घ्यावा लागतो आणि जाहिरात गाठते ती त्याच्या आधी.

पडद्यावरच्या युक्त्या मुलांनीच आणल्या, त्यात त्यांना माझी गरज नव्हती. एका मुलीने घरी पाहिले, की ‘सवलत संपायला दहा मिनिटे’ असे उलटे मोजणारे घड्याळ पान बंद करून पुन्हा उघडले की परत दहावरून सुरू होते. तिने ते चार वेळा करून वेळा वहीत टिपून आणल्या होत्या. एरवी तिने ‘टंचाई’ असे लिहून पुढचा प्रश्न घेतला असता.

आता तुम्ही लिहा

ओळखणे इथवर आले. पण मन वळवणे ही मुळात वाईट गोष्ट नाही, आणि मुलांना तसे वाटू लागले होते. लस घ्या, रक्तदान करा, गाडीत पट्टा लावा, हेही कोणीतरी मन वळवूनच सांगावे लागते. ज्याला चांगल्या गोष्टीसाठीही नीट बोलता येत नाही तो वाईट गोष्टीपुढे नुसता कुरकुरत बसतो. म्हणून सहाव्या आठवड्यात मी वर्ग शाळेच्या ग्रंथालयात नेला.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. ज्या पुस्तकाची चिठ्ठी कोरी असेल असे एक पुस्तक प्रत्येक गटाने शोधायचे, पूर्ण वाचायचे आणि त्याच्यासाठी हाताच्या तळव्याएवढे जाहिरातीचे कार्ड लिहायचे. कार्ड पुस्तकाला लावून दर्शनी कपाटात ठेवायचे. पुढे काय होते ते देवघेवीची नोंदवही सांगेल. नियम एकच: पुस्तक वाचून परत करणाऱ्या मुलासमोर तेच वाक्य पुन्हा म्हणता आले पाहिजे.

पक्ष्यांच्या स्थलांतरावरचे एक पुस्तक निवडणाऱ्या गटाने पहिल्याच दिवशी लिहिले: ‘एकच प्रत! त्वरा करा!’ दुसऱ्या गटातून लगेच हरकत आली, ही तर बाईंच्या कागदावरची युक्ती. गटाचे उत्तर होते, यात खोटे काय? ग्रंथालयात खरोखर एकच प्रत आहे. हरकत घेणारी मुलगी म्हणाली, “प्रत एकच आहे, पण मागे लागलंय कोण? वर्षानुवर्षं ते तिथंच आहे. तू खरं बोलून खोटं वाटायला लावतोयस.” शब्दन् शब्द खरा असलेले वाक्य वाचणाऱ्याच्या मनात खोटे चित्र उभे करू शकते, हे समजावायला मी एक अख्खा तास राखून ठेवला होता. तिने एका दमात सांगून टाकले.

वाद दोन दिवस चालला. शेवटी त्या गटाने कार्ड बदलले: ‘एकच प्रत. आजवर कोणीही नेलेली नाही.’ हे वाचल्यावर मी थोडा वेळ काही बोललेच नाही. त्यांनी अडचण लपवण्याऐवजी तीच पुढे केली होती आणि कार्ड आधीपेक्षा कितीतरी जोरदार झाले होते. व्यावसायिक जाहिरातीत या वाटेने नामवंत मोहिमा झाल्या आहेत. फोक्सवॅगनने १९५९ मध्ये मोठ्या गाड्यांच्या बाजारात आपल्या छोट्या गाडीसाठी ‘छोटा विचार करा’ असे सांगितले. १९६२ मध्ये एव्हिस या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने आपण दुसऱ्या क्रमांकावर आहोत हे स्वतःच सांगून, म्हणून आम्ही जास्त झटतो, असा त्याचा अर्थ लावून दिला. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या होवलँड आणि सहकाऱ्यांच्या सैनिकांवरच्या अभ्यासातही असे दिसले होते, की ज्यांचे मत आधीपासून विरोधात असते त्यांच्यावर दोन्ही बाजू मांडणाऱ्या संदेशाचा परिणाम अधिक होतो. हे सगळे मी मुलांना नंतर सांगितले. आधी सांगितले असते तर त्यांनी ‘दोष कबूल करणे’ अशी आणखी एक युक्ती यादीत लिहून घेतली असती.

बाकीच्या कार्डांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोन गटांनी नुसती विशेषणे जमवली आणि त्यांची पुस्तके कपाटातून हलली नाहीत. एका गटाने पुस्तक पूर्ण वाचले नव्हते, ते कार्ड वाचताच कळत होते. स्थलांतराचे पुस्तक पहिल्याच आठवड्यात गेले.

तक्रार

पुलांविषयीच्या एका पुस्तकाच्या कार्डावर ‘थरारक! हातातून ठेववणार नाही’ असे होते. गटातल्या दोघांनाही ते वाक्य फार आवडले होते. सातवीतला एक मुलगा पुस्तक घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी परत घेऊन आला. ग्रंथपालांना म्हणाला, “कार्ड कोणी लिहिलंय?” मधल्या सुट्टीत त्याची आणि त्या गटाची गाठ घालून दिली. तिसरे प्रकरण उघडून त्याने समोर धरले. कोणता खांब किती भार पेलतो याचे तक्ते, पानेच्या पाने. “यात थरारक काय आहे?”

नियम त्या गटाला आठवत होता. त्यांना ते वाक्य त्याच्यासमोर पुन्हा म्हणता येईना. मग एकाने विचारले, “चौथं वाचलंस का?” नव्हते वाचले, तो तिसऱ्यातच थांबला होता. चौथ्या प्रकरणात अमेरिकेतल्या टॅकोमा नॅरोज या झुलत्या पुलाची हकीकत आहे. १९४० च्या १ जुलैला तो वाहतुकीला खुला झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला वाऱ्याने पिळवटत, हेलकावे खात कोसळला. पडताना त्याचे चित्रीकरणही झाले. मुलाने उभ्याउभ्याच ती दोन पाने वाचली, तेवढ्यात घंटा झाली.

त्या दुपारी गटाने नवे कार्ड लिहिले. ‘थरारक’ काढावा की ठेवावा यावर त्यांचे बरेच वाजले आणि शेवटी तो गेला. ‘तिसरे प्रकरण कंटाळवाणे आहे, गाळलेत तरी चालेल. चौथ्यात चार महिन्यांचा पूल वाऱ्याने पडतो.’ पुस्तक त्याच मुलाने पुन्हा नेले. सत्र संपताना मी मागचे पान उघडून पाहिले तेव्हा चिठ्ठीवर पाच तारखा पडल्या होत्या आणि कार्डाच्या कोपऱ्यात, ‘गाळलेत तरी चालेल’च्या पुढे, कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते: ‘मी गाळलं नाही. तक्ता ७ बघा.’